तुझ्या वहिनीची टाकी

२ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलंस, तर माझं काही म्हणणं नाही. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच, कारण काम तुझ्या खात्यातलं आहे. तू मोठ्या मत्स्यालयात पाणी सांभाळतोस, असं कुणाकडून तरी कानावर आलं होतं. पत्ता तिथलाच घातलाय. घरचा माझ्याकडे नाही.

तर झालंय असं. तुझी वहिनी दोन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली आणि तिने घरात समुद्र आणला. बाहेरच्या खोलीत, जिथे आधी शिवणयंत्र होतं तिथे, आता चार फुटांची काचेची टाकी आहे. खारं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे आणि कोरल. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "या झाडांना खत कुठलं घालायचं?" ती म्हणाली, "अहो, ही झाडं नाहीत, प्राणी आहेत." तेव्हापासून त्या टाकीबद्दल मत देणं मी सोडून दिलं.

आता आपल्या पोरीचं बाळंतपण जवळ आलंय आणि तुझी वहिनी तिच्याकडे गेली आहे. सात आठवडे. जाताना माझ्या हातात एक वही ठेवून म्हणाली, "यात लिहिलंय तेवढंच करा. जास्त काही करायला जाऊ नका." 'जास्त' या शब्दावर तिने जो जोर दिला, तो सदतीस वर्षांच्या संसाराचा होता.

तिला जाऊन सहा दिवस झाले आणि टाकीचं तोंड उतरलंय. एक कोरल आहे छत्रीसारखं, त्याला आम्ही छत्रीच म्हणतो. ते दिवसभर फुललेलं असायचं, आता मिटून बसलंय. दुसरा कंदील. त्याच्या पाच तोंडांतून लांब हिरव्या दशा लोंबतात आणि पाण्यात हलत राहतात. त्या सगळ्या आत ओढून घेतल्यात, मूठ आवळावी तशा. काचेवरच्या दोन गोगलगाई खाली पडल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. मासे मात्र ठणठणीत, पाहुणे आल्यासारखे जेवतात.

मी कशाला हातही लावलेला नाही. वहीप्रमाणे सगळं.

तुझी वहिनी रोज फोन करते. आधी मी जेवलो का विचारते, मग "छत्री कशी आहे?" मी सांगतो, "मजेत." हे किती दिवस चालेल सांगता येत नाही. काही सुचत असेल तर कळव.

थोरला

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. एका कार्डावर दोनच शब्द लिहिलेत: "काय बदललंस?" पोस्टाचा एवढा तोटा आजवर कुणी केला नसेल.

उत्तर: काही नाही.

आता आणखी ऐक. कोरलांना उजेड लागतो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दिवा आठ तासांऐवजी बारा तास ठेवला. त्याने झालं एवढंच की काचेवर तपकिरी शेवाळ आलं आणि छत्री आणखी मिटली. हा बदल मी कबूल करतो. पण तो दुखणं सुरू झाल्यानंतरचा, म्हणून मोजायचा नाही.

मग बाटलीत पाणी भरून माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार बाई तिशीच्या असतील. नाकावर चष्मा, हाताला कोपरापर्यंत मिठाचे डाग. त्यांनी पाण्यात थेंब टाकले, रंग पाहिले, एका नळीतून डोळा बारीक करून मीठ मोजलं.

"काका, मीठ बरोबर. तापमान बरोबर. क्षार बरोबर. तुमचं पाणी अगदी पुस्तकात असावं तसं आहे."

"मग ती का रुसलीयत?"

"तुम्ही काही बदललंत का?"

तुम्ही पाणीवाले सगळे एकाच शाळेत शिकलात की काय? मी म्हटलं, "बाई, मी बत्तीस वर्षं नळाचं काम केलंय. पाण्याशी कसं वागायचं ते मला कळतं." त्या हसल्या नाहीत, पण चष्मा पुसत बसल्या.

खरं सांगायचं तर घर कधी नव्हतं इतकं नीट चाललंय. वहीत लिहिलंय, 'टाकीच्या मागच्या कोपऱ्यातला टॉवेल रोज सकाळी पिळून वाळत घाला.' त्याची आता गरजच उरली नाही. टॉवेल कोरडा ठणठणीत.

काल तिसरी गोगलगाय गेली. कंदिलाच्या एका तोंडाचं मांस सुटून खालचं पांढरं हाड दिसायला लागलंय. बघवत नाही. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्याशी बोलतो, म्हणजे बघ.

फोनवर छत्री अजून मजेत आहे.

थोरला

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी तीन वाक्यं होती. प्रगती आहे.

पहिली दोन पाळली. दिवा परत आठ तासांवर आणला. दहावा हिस्सा पाणी काढून नवं मीठ कालवून भरलं आणि पिशवीतला कोळसा पाण्याच्या वाटेत ठेवला. तिसरं वाक्य वाचून मात्र मी कार्ड उलटं करून ठेवलं. "टॉवेल कोरडा कसा झाला?"

मी काही बदललेलं नाही हे पुराव्यानिशी दाखवायचं म्हणून तुझ्या वहिनीची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा चिकटवलेला होता. त्यात वीस-पंचवीस चिठ्ठ्या. किती मीठ, किती उजेड, कुठलं कोरल कुठे बसवायचं. मी म्हटलं, दुकानदार बाईंच्या असतील. मग एका चिठ्ठीवर वाचलं, "पाणि हळूहळू घाला." दुसरीवर, "पाणि बदलल्यावर तासभर हात घालू नका."

पाणी या शब्दाचा णी ऱ्हस्व काढणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय. त्यापायी त्याने चौथीत गुरुजींच्या किती छड्या खाल्ल्या, तेही मीच मोजलंय. आणि जन्मभर पाण्याचंच काम केलं, तरी सुधारला नाही.

लगेच तुझ्या वहिनीला फोन लावला.

"धाकट्याच्या चिठ्ठ्या तुझ्याकडे कशा?"

मग म्हणाली, "सहा वर्षं लिहितोय तो मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तो कसा आहे, कुठे आहे, अकरा वर्षांत एकदा तरी विचारलंत? मत्स्यालयाचं मी सहज बोलल्यासारखं मुद्दाम तुमच्या कानावर घातलं, तरी विचारलं नाहीत. छत्री त्यानेच पाठवली आहे. हाताएवढा तुकडा होता." मग आवाज बदलला. "छत्री बरी आहे ना?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे अक्षरशः आपटला. घरात येरझाऱ्या घातल्या. माझ्या नाकासमोर दोन वर्षं तुझं कोरल वाढतंय आणि मी रोज त्याला गुड मॉर्निंग करतोय! राग आला होता, पण टाकीसमोर आलो तेव्हा ती मिटलेली छत्री बघून मला एकदम हसूच फुटलं. किती वेळ हसत होतो कुणास ठाऊक. शेजारच्या बाई विचारायला आल्या.

तर आता टॉवेल. टाकीतलं पाणी उडून जातं तेवढं गोडं पाणी आपोआप भरायला मागच्या कप्प्यात एक फ्लोटचा नळ बसवला होता. प्लास्टिकचा. खेळण्यातला वाटेल असा. तो गळायचा, म्हणून टॉवेल. तुझी वहिनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो काढला आणि माझ्या पेटीतला पितळी फ्लोट बसवला. नळीला दोन पितळी निपल, वळणावर एक पितळी एल्बो. जोड असा की एक थेंब येणार नाही. ती परत आल्यावर बघून खूश होईल असं वाटलं होतं.

त्याचा कोरलांशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगतो.

थोरला

२० फेब्रुवारी

धाकट्या,

"दादा, आधी तो फ्लोट काढ. मग खुर्चीत बसून पुढचं वाच."

हे वाचलं आणि पत्र तसंच टेबलावर ठेवून पान्हा घेतला. एल्बो बाहेर काढला तर त्यावर हिरवी साय धरलेली. बत्तीस वर्षांत मी पितळ हजार ठिकाणी बसवलं असेल, पण खाऱ्या पाण्यात कधीच नाही. मग हात धुऊन, तू म्हणालास तसा खुर्चीत बसून पुढचं वाचलं.

पितळात तांबं असतं हे मला काय कुणी शिकवायचं? पण खारं पाणी पितळ चाटून ते तांबं सुटं करतं, आणि आपल्याला चव लागणार नाही एवढ्याने गोगलगाय मरते, कोरल मिटतं, मासा मात्र बरेच दिवस तग धरतो, हे मला नवीन. म्हणजे माशांचं चांगलं जेवण बघून मी निश्चिंत होतो, आणि खरी खूण तीच होती. दुकानदार बाईंना सांगायला गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर मी तांबं तपासलं असतं ना!"

तू पाठवलेली तांबं शोषणारी पिशवी काल मिळाली. पाण्याच्या वाटेत टांगली आहे. जुना प्लास्टिकचा फ्लोट परत बसवला. त्याचं रबर उलटं बसलं होतं म्हणून गळत होता. दोन मिनिटांचं काम. टॉवेल आताही कोरडाच आहे.

आता एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हे पाकीट बंद करायचं नाही असं ठरवलंय.

"काही बदललं नाही" असं मी तुला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर तो पितळी फ्लोट होता. तरी लिहिलं. अशी वाक्यं मला सहज जमतात, आणि पहिल्यांदा कुठे जमली तेही मला पक्कं आठवतं.

वाचनालयाचं छत. तिथल्या नळकामात वरचा मजला तुझा होता, पण शेवटच्या दिवशी तुला ताप आला आणि भिंतीकडचा तो एक जोड मी केला. महिन्याभराने तो सुटला. अर्धं कपाट पुस्तकं भिजली. व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणाचं काम?" आणि मी म्हणालो, "वरचा मजला धाकट्याकडे होता."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. संध्याकाळी मी शिडीवर चढून पाहिलं. आट्यांवरची टेप उलटी गुंडाळलेली होती, आटे फिरतात त्याच्या विरुद्ध. आवळताना ती सुटत गेलेली. आपल्या दोघांत डावखुरा मीच. घाईत असलो की माझ्याच हातून ती तशी गुंडाळली जाते.

जोड माझा होता. तुला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली आणि मी बाजूला उभा राहून पेटी आवरत होतो. दोन दिवसांनी तू गेलास. मी लोकांना सांगितलं, धाकटा रागीट आहे.

अकरा वर्षं झाली. माफ कर, असं लिहिणार होतो, पण ते फार सोपं वाटतंय. म्हणून फक्त एवढंच लिहितो, की जोड माझा होता.

दादा

३ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र टाकीसमोरच्या खुर्चीत बसून वाचलं. चार पानं! तुला एवढं लिहिता येतं?

"जोड तुझा आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शिडीवर तुझ्या आधी मी चढलो होतो." हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. आणि त्याच्या खालचं: "मला वाटलं, तू जिन्यात सांगशील. जिन्यात नाही सांगितलंस. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगशील. दोन दिवस थांबलो, मग बॅग भरली."

अरे, मग बोलला का नाहीस? एक शिवी हासडायचीस! व्यवस्थापकासमोर माझी टेप दाखवायचीस! हे मी मोठ्याने म्हणालो, एकटाच. मग मलाच उत्तर सुचलं. थोरल्या भावाचा जोड धाकट्याने चारचौघांत उघडा पाडायचा नसतो, असं तुला लहानपणापासून मीच शिकवलं होतं.

काल उठलो आणि सरळ वाचनालयात गेलो. व्यवस्थापक केव्हाच बदली होऊन गेलेत. आता एक तरुण ग्रंथपाल बाई आहेत. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. छत, पुस्तकं, टेप, धाकटा भाऊ. त्यांनी हातातलं पुस्तक मिटून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तेव्हा सहावीत होते. पण तुम्ही नळाचं काम करता म्हणालात ना? आमच्या मागच्या बेसिनचा नळ जरा बघाल?" मी बघितला. टेप सुलट गुंडाळली, दोनदा तपासून. निघताना त्यांनी मला वाचनालयाचा सभासद करून घेतलं.

आता चांगल्या बातम्या. पोरीला मुलगी झाली. तू काकाआजोबा झालास. दोघी सुखरूप आहेत. बाळाचा आवाज फोनमधून एवढा मोठा आला की तुझी वहिनी काय बोलतेय ते अर्धं कळलंच नाही. तेवढ्यात मी सांगून टाकलं, फ्लोटचं आणि वाचनालयाचं, दोन्ही. ती म्हणाली, "काय? ऐकू येत नाहीये, परत सांगा!" म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. पुढे बराच वेळ फक्त बाळ रडत होतं. मग ती म्हणाली, "वाचनालयाचं मला माहीत नव्हतं. त्याने सहा वर्षांत एका अक्षराने लिहिलं नाही." आणि तीही रडायला लागली, बाळाच्या सुरात सूर मिसळून.

टाकी: बटणांसारखी जी छोटी छोटी कोरलं आहेत ती परवा दुपारी उघडली. एक, मग सात, संध्याकाळपर्यंत सगळा दगड. कंदिलाची दोन तोंडं गेली, तीन राहिली. राहिलेल्या तिन्हींच्या दशा आज बोटभर बाहेर आल्या आहेत. छत्रीने अंगावरचं मेणचट कातडं सोडलं. मी घाबरलो, दुकानदार बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "काका, ती कात टाकतेय, चांगलं लक्षण आहे. तुम्ही आता घरी जा आणि काही म्हणजे काही करू नका." मी हात पाठीमागे बांधून टाकीसमोर बसतो.

तुझी वहिनी वीस तारखेला येतेय. तूही ये. टाकी तपासायला ये असं लिहिणार होतो, पण टाकीला तुझी गरज नाही. मला आहे.

दादा

२७ मार्च

धाकट्या,

नीट पोहोचलास ना? पोहोचल्याचं कळव. कार्डावर दोन शब्द लिहिलेस तरी चालतील.

घर एकदम मोकळं वाटतंय. चार दिवसांत तू आणि तुझ्या वहिनीने मला स्वतःच्याच घरात शिकाऊ करून टाकलं होतं. "दादा, बादली धर." "अहो, चिमटा द्या." पण एक सांगतो. तू दारात उभा होतास आणि मी "चहा घेणार?" असं विचारलं, तेव्हा तू जे म्हणालास ना, "अकरा वर्षं थांबलोय, आधी आत तर घे," ते मी अजून सगळ्यांना सांगत फिरतोय. दुकानदार बाईंना सांगितलं. ग्रंथपाल बाईंनाही सांगितलं.

तुझी वहिनी आल्या आल्या चप्पल न काढता टाकीपाशी गेली होती, आठवतं? छत्रीकडे बघितलं, कंदिलाची तीन तोंडं मोजली. मला वाटलं आता कडाडणार. तर वळून म्हणाली, "दोन गेली ती गेली. पण तुम्ही दोघं एकाच खोलीत उभे आहात. मी कशाबद्दल तक्रार करू?" ती स्वयंपाकघरात गेल्यावर तू डोळे पुसलेस. माझी पाठ होती, पण काचेत दिसतं.

काल तिने छत्रीच्या कडेचा एक तुकडा कापून दगडाला बांधला. तुझ्या मत्स्यालयासाठी. म्हणाली, "ओटी भरून माहेरी परत पाठवते." मी म्हटलं, "अगं, ते कोरल आहे." ती म्हणाली, "मला शिकवू नका."

आता मुद्द्याचं. तू माझ्या चपला घालून गेला आहेस. तुझ्या इथे दारात पडल्यात आणि त्या मला होत नाहीत, टाच बाहेर येते. दोन दिवस मी बाजारात तसाच फिरतोय, बदकासारखा. दुकानदार बाई हसल्या. चपला पोस्टाने पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघंही येतोय, तुकडा पिशवीत घेऊन. तुझ्या वहिनीने तिकिटं काढून ठेवली आहेत. तुझ्याकडे किती दिवस राहायचं हे तिने मला सांगितलेलं नाही, तूही विचारू नकोस.

दादा